दहातले सात भाग

मंगळवार, १४ जानेवारी

मागच्या बाल्कनीची खोली आज मोजली. सहा पूर्णांक चौऱ्याऐंशी चौरस मीटर. एव्हांथिया आत्याने १९९१ साली काचा लावून ती बंद केली, तेव्हा कुणाची परवानगी घ्यावी असं तिला वाटलं नाही. आमच्या या काव्हाला गावातल्या निम्म्या बाल्कन्यांच्या अशाच खोल्या झालेल्या आहेत. तिथे तिचं शिलाई मशीन होतं. आता माझं टेबल आहे.

रविवारी जेवताना बाबांनी विषय काढला. "लोकांच्या घरांचे कागद सरळ करतेस, आणि स्वतः बेकायदा खोलीत बसतेस. उद्या दंड आला म्हणजे?"

"चौतीस वर्षं आला नाही," मी म्हटलं.

"येतो तेव्हा सांगून येत नाही. करून टाक अर्गिरो. तुझ्याच कामाला येईल."

म्हणणं बरोबर आहे. घर कागदावर असं आहे: आत्या गेली तेव्हा ते बाबांकडे आलं, आणि मी अठरा वर्षांची झाले तेव्हा त्यांनी ते माझ्या नावावर केलं. उपभोगाचा हक्क मात्र तहहयात स्वतःकडे ठेवला. इथले बहुतेक आईबाप असंच करतात. मुलांना घर द्यायचं, पण मरेपर्यंत पूर्ण सोडायचं नाही. त्या हक्काची किंमत करखातं बापाच्या वयावरून ठरवतं. कागद झाला तेव्हा बाबा सत्तावन्न वर्षांचे होते, म्हणजे दहातले चार भाग त्यांचे, सहा माझे. आता ते अडुसष्टचे आहेत. तीन आणि सात.

माझ्याच घराच्या कागदावर मला सही करता येत नाही. आमच्या इंजिनियरिंग ऑफिसच्या प्रमुख फेव्ह्रोनियाबाई करतील. दंड आणि फी मिळून दोन हजार एकशे चाळीस युरो. माझ्या शिलकीतून.


रविवार, २६ जानेवारी

साव्वासदादाने मला आणि बाबांना त्याचं नवं काम दाखवायला नेलं. बंदरामागचा जुना कारखाना. तळघरात सहा छोटी घरं काढायची आणि घर घेतल्यावर मिळणारा इथे राहण्याचा परवाना हवा असलेल्या परदेशी लोकांना ती विकायची. तिघांकडून त्याने इसारही घेतला आहे. परवानगी अजून यायची आहे.

मी खिशातून मोजपट्टी काढली. जमिनीपासून छतापर्यंत दोन मीटर एकतीस. राहण्याच्या जागेला अडीच लागतात.

"एकोणीस सेंटिमीटर," तो म्हणाला. "एकोणीस सेंटिमीटरसाठी तू माझा धंदा बुडवणार?"

"मी नाही. नगरपालिका."

"फरशी खोदू."

"पायाही खोदला जाईल."

"बाबा, हिला लहानपणी बाहुली द्यायला हवी होती हो. तुम्ही पट्टी दिलीत!"

बाबा हसले नाहीत. परत येताना गाडीत त्यांनी विचारलं, इसार घेऊन वेळेत घर देता आलं नाही तर काय होतं. दुप्पट परत करावा लागतो, हे त्यांना ठाऊक असायला हवं. आयुष्यभर बांधकामांवर वायरिंग केलं आहे त्यांनी. तरीही सांगितलं. त्यांना दादाची काळजी वाटत असावी.


गुरुवार, ६ फेब्रुवारी

सोफिया शहरातल्या एका कंपनीला आमची संपूर्ण इमारत हवी आहे. आठ घरं, पर्यटकांना आठवड्याच्या भाड्याने द्यायला. मोजणीचं काम आमच्याच ऑफिसला मिळालं. फेव्ह्रोनियाबाई सिगारेट पेटवता पेटवता म्हणाल्या, "सात घरं तू मोज. तुझं स्वतःचं काय ते तू आणि तुझे बाबा बघा."

मी लगेच सांगितलं, मी विकणार नाही. सात जण विकोत, मी तिसऱ्या मजल्यावर राहीन.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं."

रात्री घरी फोन करून हेच सांगितलं, नंतर गैरसमज नको म्हणून. आईने फोन उचलला होता. बाबांनी तिच्याकडून फोन घेतला. "तुला कोण विकायला सांगतंय?" असं म्हणाले.


बुधवार, १९ फेब्रुवारी

दुसरा मजला, पुढची बाजू, पार्थेनाकाकू. भिंती सरळ, एक बेकायदा माळा, तीन मांजरं. मी पट्टी धरली की एक मांजर टोक पकडायचं.

काकू मुलीकडे झांथीला राहायला जाणार आहेत. घर सोडताना रडतील असं वाटलं होतं. उलट खूष होत्या. "मी कुठली विकणार होते? पण तुझे बाबा स्वतः येऊन सांगून गेले. म्हटलं, इंजिनियर मुलीच्या घरात जे होतंय ते पारखूनच होत असणार. तुम्ही केलंत, म्हणून मीही केलं."

मी म्हटलं, आमची फक्त बाल्कनी होती. त्यांना ते फारसं कळलं नाही असं दिसलं. माझे खांदे थोपटून म्हणाल्या, "लपव, लपव. व्यवहार असाच करावा."


सोमवार, ३ मार्च

ईस्टरआधीचा उपवास सुरू होण्याची सुट्टी. घरचे सगळे किल्ल्यामागे पतंग उडवायला. दादाची पोरं माझ्या अंगाखांद्यावर. दादा स्वतः आला नाही, वकिलाकडे गेला होता म्हणे. सुट्टीच्या दिवशी.

संध्याकाळी आई माझ्याकडे आली आणि आत्याचं कॉफी उकळायचं तांब्याचं भांडं घेऊन गेली. म्हणाली, काळं पडलंय, लिंबू लावून घासून आणते. मी म्हटलं, मी घासते. ती म्हणाली, "तुझ्याकडे राहू दे म्हटलं तर राहील का?" या वाक्याचा अर्थ मला लागला नाही.


सोमवार, १७ मार्च

सकाळी १०:४० ला नोनोंचा फोन. यॉर्दानिस, माझे बाप्तिस्म्याचे धर्मपिता. बाबांचे शाळेपासूनचे मित्र आणि आमचे हिशेबनीस. माझा करखात्याचा पासवर्ड मी अठराची झाले तेव्हापासून त्यांच्याकडेच आहे, गावातल्या निम्म्या लोकांचा असतो तसा. त्यांच्या टेबलाच्या दुसऱ्या खणात पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्यात कार्डं आहेत, आडनावांच्या क्रमाने.

"बाळ, तुझ्या फोनवर सहा आकडे आले असतील. वाच बघू."

मी एका छतावर होते, वारा होता. ४१८०२६. दोनदा वाचले.

"कशासाठी?"

"वार्षिक कटकट. तू तुझी छतं मोज."


मंगळवार, २५ मार्च

सणाचा कॉड मासा आणि लसणाची चटणी आईबाबांकडे. तिथून आई माझ्याबरोबर इमारतीत आली. पार्थेनाकाकूंची ताटली आमच्याकडे कधीपासून पडून होती ती परत करायला. ताटलीत दोन तुकडे कॉड ठेवले होते. दुसऱ्याचं भांडं ती रिकामं परत करत नाही. म्हणजे ताटली पुन्हा आमच्याकडे येणार, पुन्हा तिकडे जाणार. याला शेवट नाही असं मी म्हटलं तर म्हणाली, "शेवट नको म्हणूनच."

जाताना संत परास्केवीची तसबीर घेऊन गेली. चौकट सैल झाली आहे, बसवून आणते म्हणाली. मला चौकट सैल वाटली नाही. आत्तापर्यंत: ३ मार्चला भांडं, १५ मार्चला साखरेचा काचेचा डबा आणि क्रोशाचा रुमाल, आज तसबीर. स्वच्छतेचं एवढं वेड तिला पूर्वी नव्हतं. वय होत चाललं आहे.

दारात थांबून म्हणाली, "अर्गिरो, लोकांचे कागद बघतेस, तसे आपलेही बघत जा गं."

मी म्हटलं, आपले नोनो बघतात.


बुधवार, ९ एप्रिल

सात घरांचे दाखले पूर्ण झाले. पार्थेनाकाकूंचा माळा नियमित करायलाच सहा आठवडे गेले. फाईल पाठवण्यापूर्वी यादी तपासली, तर आठ ओळी. आठवी तिसरा मजला मागची बाजू, म्हणजे मी. पुढे फेव्ह्रोनियाबाईंची सही.

विचारलं. त्या म्हणाल्या, "बाल्कनीच्या वेळचाच दाखला आहे तो. फाईलला जोडला. इमारतीचा नकाशा पूर्ण दिसला पाहिजे ना?"

हे तर्काला धरून आहे. मी फाईल पाठवली.

नंतर त्यांनी मला लवकर घरी जायला सांगितलं. इतक्या वर्षांत हे प्रथमच.


गुरुवार, १७ एप्रिल

दुपारी नोनो आले. हातात ईस्टरची मेणबत्ती, पांढरी, निळ्या रिबीनची. धर्मपित्याने पोराला दरवर्षी ती द्यायची असते. मला शेवटची मी बारा वर्षांची असताना मिळाली होती. मी एकोणतीस वर्षांची आहे, याची त्यांना आठवण करून दिली.

"धर्मलेक कधी मोठी होते का?" ते म्हणाले. त्यांनी कॉफी घेतली नाही. घरभर फिरले, खिडकीतून बंदर बघितलं. "जागा चांगली होती एव्हांथियाची," म्हणाले.

मी त्यांचं वाक्य दुरुस्त केलं. आहे.

"हो, आहे. आहेच ना."


सोमवार, २१ एप्रिल

जे झालं ते क्रमाने लिहिते.

काल ईस्टरचं जेवण आईबाबांकडे झालं. लाल अंडी एकमेकांवर आपटून फोडली, दादाच्या अंड्याने सगळ्यांची फोडली. निघताना आईने त्सुरेकी पाव आणि बिस्किटं बांधून दिली. आज सकाळी बिस्किटांची पुडी उघडली. पुडी एका छापील कागदाची होती, तेलाचे डाग पडलेला. मी छापील काही असलं की वाचतेच.

पान चौथं. एका साठेखताच्या प्रतीचं. पहिल्या ओळीचं शेपूट, मग:

"…विक्रेता प्रोद्रोमोस, स्वतःसाठी तसेच मुखत्यारपत्रान्वये आपली कन्या अर्गिरो हिच्या वतीने… तिसरा मजला, मागील बाजू, ७१.३० चौरस मीटर, पैकी विक्रेत्याने नियमित करून द्यावयाची मागील खोली… इसाराची रक्कम वीस हजार युरो मिळाली… अंतिम खरेदीखत ३० एप्रिल रोजी किंवा त्यापूर्वी… विक्रेत्याने माघार घेतल्यास रकमेच्या दुप्पट…"

खाली तारीख ८ जानेवारी.

मी खोली १४ जानेवारीला मोजली. म्हणजे बाबांनी मला दंडाची भीती घातली तेव्हा घर विकून चार दिवस झाले होते. त्यातली एकच गोष्ट विकण्याजोगी नव्हती, ती बेकायदा बाल्कनी. ती मी सरळ करून दिली. माझ्या पट्टीने, माझ्या शिलकीतून.

संगणकावर करखात्याचं माझं खातं उघडलं. पासवर्ड मला पाठ नव्हता. नवा करून घ्यावा लागला. जुन्या नोंदी: १७ मार्च, १०:४३, 'मालमत्ता हस्तांतरासाठी ना-देणे दाखला'. माझ्या वहीत फोन १०:४० चा आहे. तीन मिनिटं.

आईला कागद जपता येत नाहीत. इतकं मोठं गुपित, आणि त्यात बिस्किटं बांधली. तिच्या बेफिकिरीमुळे मला कळलं, एवढंच.

एक बिस्किट खाल्लं. बाकीची टाकली.


मंगळवार, २२ एप्रिल

फेव्ह्रोनियाबाई टेबलाशी होत्या. तो कागद त्यांच्यासमोर ठेवला.

"मला वाटलं, तुला माहीत आहे," त्या म्हणाल्या.

"सहा फेब्रुवारीला मी तुम्हाला सांगितलं, विकणार नाही."

"हो." त्यांनी सिगारेट विझवली. ती अर्धीच झाली होती. "मग मला वाटलं, घरातल्या घरात मिटवाल. तुझे बाबा मुखत्यारपत्र घेऊन आले होते, अगं. अकरा पानांचं, नोटरीच्या शिक्क्याचं. कागद पूर्ण होता. तूच तर नव्या पोरांना सांगतेस ना, कागद पूर्ण असला की पक्षकाराला घरचं विचारायचं नाही?"

हे मी सांगते, खरं आहे.

"आणि त्या कंपनीला आठही घरं हवीत, नाहीतर एकही नको," त्या म्हणाल्या. "आपल्या सगळ्यांची फी त्यात आहे. तुझीही."

मुखत्यारपत्र मला आठवतं. आखेनला शिकायला जाण्याच्या आदल्या आठवड्यात, नोटरीच्या ऑफिसात, नोनो आणि बाबा दोन बाजूंना. 'करखात्याच्या कामासाठी पोरीला जर्मनीहून सारखं यायला नको.' प्रत्येक पानावर सही केली. विमानाची वेळ झाली नव्हती, घाई नव्हती. तरी वाचलं नाही. मी सेंटिमीटर मोजणारी बाई आहे. ती अकरा पानं मी मोजली, वाचली नाहीत.


बुधवार, २३ एप्रिल

आईबाबांकडे गेले. दादाही होता.

"आली मोजपट्टी," तो म्हणाला. नेहमीसारखंच म्हणायला गेला, पण आवाज फाटला.

मी कागद टेबलावर ठेवला. बाबांनी आधी कागदावरचे तेलाचे डाग बघितले, मग आईकडे बघितलं. आई शेगडीपाशी पाठमोरी होती.

"कुणी दिला तुला हा?"

"कागद कुणी दिला हा प्रश्न नाही. तुम्ही माझं घर विकलंत का?"

"तुझं?" बाबा म्हणाले. "ते माझ्या बहिणीचं. तुला मी दिलं. दिलेलं बापाने परत मागू नये का?"

"मागावं. तुम्ही मागितलं नाहीत."

मग दादा बोलू लागला, आणि थांबेना. कारखान्याला परवानगी नाकारली. तिन्ही गिऱ्हाइकांना दुप्पट परत करायचे आहेत. बाबा जामीन आहेत, या घरावर बोजा आहे. "मला दोन पोरं आहेत अर्गिरो. तुझ्यामागे कोण आहे?"

"एकोणीस सेंटिमीटर," मी म्हटलं. यापेक्षा योग्य काही तेव्हा सुचलं नाही.

"बघितलंत? बघितलंत बाबा? दगड आहे ही!"

"तू गप," बाबा त्याला म्हणाले. मग मला, हळू आवाजात: "हे बघ. पैसे आले की दादाचं भागवून उरेल ते तुझं. आणि इथे तुझी जुनी खोली आहेच. विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"हो."

"मग? विचारून काय करायचं होतं?"

मी म्हटलं, नियमाने दहातले सात भाग माझे आहेत.

ते उभे राहिले. "सात. आणि दोन वर्षांनी मी सत्तरचा झालो की आठ. ऐंशीचा झालो की नऊ. बरोबर ना? दर दहा वर्षांनी बाप एक भाग मरतो आणि लेकीला एक भाग मिळतो. मोजत बस. बसून मोज!"

मी अशा अर्थाने म्हटलं नव्हतं. ते मी सांगितलं नाही.

आईने कॉफी आणली. तीनच कप होते. माझा धरलाच नव्हता. मग तिने स्वतःचा कप माझ्यापुढे सरकवला आणि उभी राहिली. त्यांच्या कपाटात मला आत्याचा साखरेचा काचेचा डबा दिसला, रुमालासकट, नीट मांडलेला. तसबीर भिंतीवर होती. खिळा नवा होता.

म्हणजे ती मार्चपासून घर रिकामं करत होती. बाबांनी निदान एकदम विकलं. तिने एक एक वस्तू करून विकलं.

कॉफी न पिता निघाले.


शुक्रवार, २५ एप्रिल

दुसऱ्या नोटरीकडे गेले, बाई तरुण आहेत, मला ओळखत नाहीत. मुखत्यारपत्र रद्द करण्याचा कागद दीड पानाचा झाला. या वेळी वाचला. दोनदा.

"हे मुखत्याराच्या हाती पडल्याशिवाय खरं रद्द होत नाही," नोटरीबाई म्हणाल्या. "बेलीफ नेऊन देईल. मुखत्यार कोण?"

"प्रोद्रोमोस. वडील."

त्यांनी पेन थांबवलं. "हे रद्द केलंत तर इसाराच्या दुप्पट त्यांच्यावर येईल, हे तुम्हाला…"

"माहीत आहे. चाळीस हजार."

"त्यांच्याकडे आहेत?"

"नाहीत. घर आहे. त्यावर बोजा आहे."

त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. मीही स्वतःला दोन दिवस हेच विचारत होते आणि उत्तर येत नव्हतं. आईबाबांचं घर की माझं, असा हा हिशेब आहे, आणि तो मी मांडलेला नाही. त्यांनी मागितलं असतं तर मी दिलं असतं का? प्रामाणिकपणे लिहायचं तर: बहुधा नाही. आणि मग वर्षभर झोप लागली नसती, आणि मग बहुधा दिलं असतं. ते वर्ष त्यांनी मला दिलं नाही.

सही केली.


सोमवार, २८ एप्रिल

बेलीफ जाडे आणि दमेकरी, त्यांनी चढावर दोनदा विश्रांती घेतली. मी कोपऱ्यावरच्या पावाच्या दुकानापाशी उभी होते. जायची गरज नव्हती, पण काम पूर्ण झालेलं बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

त्यांनी बेल वाजवली. पडदा हलला. बाबा घरात होते, त्यांची गाडी बाहेर होती. पुन्हा बेल. मग बेलीफांनी बॅगेतून चिकटपट्टी काढली. दार उघडलं नाही तर साक्षीदारासमोर कागद दारावर डकवतात आणि तो पोचला असं धरतात. शेजारच्या दोन खिडक्या उघडल्या. रस्त्याला सगळं वाचता आलं असतं.

तेवढ्यात बाजूच्या फाटकातून आई बाहेर आली, एप्रनला हात पुसत. बेलीफांना काहीतरी विचारलं. त्यांनी बोट ठेवलं तिथे सही केली आणि लिफाफा एप्रनच्या खिशात घातला. आतून बाबांनी आईला हाक मारली, "अंथी! अंथी, घेऊ नकोस!" मला कोपऱ्यापर्यंत ऐकू आलं. तोवर सही झाली होती.

खाली आल्यावर बेलीफ म्हणाले, "तुमच्या आई म्हणाल्या, घरातल्या बाईने घेतलेला चालतो ना? मी म्हटलं, चालतो. म्हणाल्या, मग द्या."

तिला कुठेही सही करायला सांगा, ती करते. न विचारता. आमच्या घराचा रोगच तो.


बुधवार, ३० एप्रिल

खरेदीखत झालं नाही. कंपनीच्या वकिलाने बाबांना नोटीस पाठवली आहे, प्रत मला. पार्थेनाकाकू जिन्यात भेटल्या. त्यांचं सामान खोक्यांत भरलेलं आहे, आणि कंपनी आता कुणाचंच घर घेत नाही. "तुझ्याकडे बघून मी हो म्हटलं होतं गं पोरी," एवढंच बोलल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मला त्यांच्याबद्दल काय करता येईल ते शोधते आहे. अजून सापडलं नाही.

फेव्ह्रोनियाबाईंकडे राजीनामा ठेवला. त्यांनी तो खणात टाकला आणि विचारलं, जेवलीस का.


सोमवार, ५ मे

सकाळी ९:१५ ला फोनवर सहा आकडे आले. मी काही मागितलं नव्हतं. ९:१६ ला नोनो.

"बाळ, तुझा पासवर्ड चालेनासा झालाय. काहीतरी बिघाड आहे. आकडे आले असतील ना, वाच बघू."

"आलेत."

"हं, सांग."

"नाही."

मग म्हणाले, "तुझ्या बापासमोर पाद्र्याने तुला बाप्तिस्म्याच्या पाण्यात धरलं होतं. तेव्हा तुझ्या नावाने सैतानाला मीच नाकारलं. तुला बोलता येत नव्हतं म्हणून."

"आता येतं," मी म्हटलं, आणि फोन ठेवला.

आकडे इथे लिहून ठेवते: ९०३५७१. दुसऱ्या कुणाला सांगितलेले नाहीत.

संध्याकाळी घरी आले तर दाराशी कापडी पिशवी. चिठ्ठी नाही. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेली तसबीर, रुमाल, साखरेचा डबा आणि तांब्याचं भांडं. पार्थेनाकाकू म्हणाल्या, आई आली होती, चालत, तिन्ही मजले, थांबली नाही. बाबांच्या गाडीने आली नव्हती.

म्हणजे तिने सगळं परत केलं. आमच्यात देणंघेणं उरलं नाही, असाच याचा अर्थ घ्यायचा.

भिंतीवर तसबिरीच्या जागी फिकट चौकोन राहिला आहे. मोजला, एकतीस बाय चोवीस. तसबीर तेवढीच आहे, चौकट अजिबात सैल नाही. अजून लावलेली नाही.

भांडं घासून लख्ख केलं आहे. साखरेचा डबा काठोकाठ भरलेला होता, आणि भांड्यातही कॉफीची पुडी होती, नवी, न फोडलेली. काढायची राहून गेली असावी.